हाडांवरच नावे लिहिणारे डॉ. कार्टर, आणि आपला खांदा, दंड, कोपर

बारामती-इंदापूर भागातील कोणत्याही हाडांच्या दवाखान्यात हे रोज दिसते. एक्स-रे उजेडासमोर धरला जातो, डॉक्टर बोट ठेवून दोन-तीन नावे सांगतात, पेशंट मान हलवतो. बाहेर आल्यावर घरचे विचारतात, नक्की कुठे मोडलंय? तेव्हा खांद्यात एवढेच उत्तर मिळते. खांद्यात म्हणजे गळ्याजवळचे हाड, पाठीवरचे पाते, दंडाचा गोळा की सांध्याभोवतीचे स्नायू, हे कळलेले नसते. उपचार मात्र त्यावरच ठरतात. कुठे नुसती झोळी पुरते, कुठे ऑपरेशन लागते, तर कुठे हात बांधून ठेवणेच नुकसानीचे ठरते.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ही अडचण डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांनाही होती. शरीररचनेच्या पुस्तकांत हाडाच्या चित्रावर बारीक आकडे किंवा अक्षरे असत आणि त्यांचा अर्थ दुसरीकडे शोधावा लागे. ही पद्धत बाजूला सारून ज्यांनी नावे थेट हाडावर, स्नायूवर आणि रक्तवाहिनीवर लिहिली, त्यांचे नाव डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ हे जगप्रसिद्ध पुस्तक ग्रे यांच्या नावाने ओळखले जाते, पण त्याच्या पहिल्या आवृत्तीतील ३६३ चित्रे कार्टर यांची आहेत. याच कार्टर यांनी पुढची तीस वर्षे मुंबई, सातारा आणि आसपासच्या मुलखात रुग्ण तपासण्यात घालवली, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते.

चित्रकाराचा मुलगा

कार्टर यांचा जन्म २२ मे १८३१ रोजी इंग्लंडमधील हल या गावी झाला. वडील चित्रकार होते, समुद्राची आणि जहाजांची जलरंगातील चित्रे काढत. घर स्कारबरो या समुद्रकाठच्या गावी होते. मुलाचा हात चित्रात चांगला होता, पण त्याने वैद्यक निवडले आणि लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलमध्ये शिक्षण घेतले. तिथे हेन्री ग्रे हे त्यांच्यापेक्षा थोडे मोठे, हुशार आणि महत्त्वाकांक्षी शल्यविशारद भेटले. विद्यार्थ्यांना परवडेल आणि समजेल असे शरीररचनेचे नवे पुस्तक काढायचे ठरले. ग्रे यांनी मजकूर लिहायचा आणि कार्टर यांनी चित्रे काढायची.

दोघांनी मिळून मृतदेहांचे विच्छेदन केले. ज्यांच्यावर कोणी हक्क सांगायला आले नाही, अशा गोरगरिबांचे ते देह होते. आज एक्स-रे पाहून डॉक्टर जे झटकन सांगतात, त्या ज्ञानाच्या पायात या निनावी माणसांचा वाटा आहे.

चित्रे कागदावर काढून भागत नसे. ती कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर काढायची, मग कारागीर ती कोरणार आणि त्यावरून छपाई होणार. छापताना चित्र उलटे उमटते, म्हणून ठोकळ्यावर सगळे आरशातल्यासारखे उलटे काढावे लागे. पुस्तकातील खांद्याची आणि दंडाची हाडे बहुतेक डाव्या बाजूची आहेत, म्हणजे ठोकळ्यावर ती उजव्या बाजूची दिसत असणार. शिवाय प्रत्येक हाडावर कोणता स्नायू कुठे चिकटतो, ती जागा तुटक रेषेने दाखवून त्यातच स्नायूचे नाव लिहायचे. हे काम एका पंचविशीतल्या तरुणाने पंधरा महिने केले.

मोबदला महिन्याला दहा पौंड, एकूण १५० पौंड, आणि पुढे काही नाही. ग्रे यांना मात्र दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळणार होते. मुखपृष्ठाच्या कच्च्या छपाईत दोघांची नावे सारख्या आकारात होती. ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टाइपात करायला लावले आणि त्यांच्या पदाचा उल्लेख खोडला. ऑगस्ट १८५८ मध्ये पुस्तक बाजारात आले तेव्हा कार्टर लंडनमध्ये नव्हतेच, ते मुंबईत नोकरीवर रुजू झाले होते. तीन वर्षांनी, १८६१ मध्ये, ग्रे देवीच्या रोगाने वयाच्या चौतिसाव्या वर्षी वारले.

त्यांच्या चित्रांत काय दिसते

कार्टर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचनेचे प्राध्यापक झाले आणि शेजारच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. ते वर्गात जे शिकवत, त्यातला हाताचा भाग आपणही थोडक्यात पाहू. एका हातात खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत ३२ हाडे असतात. त्यातली २७ मनगट आणि पंजात आहेत, म्हणजे खांदा ते मनगट हा सगळा पसारा फक्त पाच हाडांचा.

पहिले गळ्याजवळचे आडवे हाड, कॉलर बोन. त्वचेखाली ते बोटाने चाचपता येते. पोटातल्या बाळात सगळ्यांत आधी जे हाड तयार व्हायला लागते ते हेच, आणि पूर्ण पक्के व्हायला विशीनंतरची काही वर्षे घेते तेही हेच. सबंध हात छातीच्या सांगाड्याला हाडाने जोडलेला आहे तो फक्त याच्या आतल्या टोकाशी, बाकी सगळे स्नायूंच्या भरवशावर आहे. दुचाकीवरून खांद्यावर पडलेल्या तरुणाचे बहुधा हेच हाड मधोमध मोडते. जुळताना वर गाठ येते आणि घरचे घाबरतात. पुष्कळ वेळा झोळीवर ते व्यवस्थित जुळते. हाडाची टोके फार सरकली असतील किंवा त्वचेला टोचत असतील, तर ऑपरेशनचा विचार होतो.

दुसरे पाठीवरचे पाते. गावाकडे जनावराच्या बाबतीत आपण त्याला फरा म्हणतो. या त्रिकोणी हाडाच्या बाहेरच्या कोपऱ्यावर एक उथळ वाटी असते आणि तिच्यावर तिसऱ्या हाडाचा, म्हणजे दंडाच्या हाडाचा, गोल माथा टेकतो. खुब्याचा सांधा उखळासारखा खोल असतो. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेले मोसंबे. म्हणूनच आपण हात डोक्यावर नेतो, पाठीमागे नेतो, गोल फिरवतो. आणि म्हणूनच मोठ्या सांध्यांत सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच, तोही बहुतेक वेळा पुढच्या बाजूला.

इथे थोडे थांबायला हवे, कारण नुकसान होते ते इथेच. खांदा निखळला की तो चौकोनी दिसू लागतो, हात शरीरापासून थोडा लांब राहतो आणि वेदना भयंकर असतात. अशा वेळी गावात कोणीतरी जाणकार बगलेत पाय देऊन हात ओढायला तयार असतो. कधी सांधा बसतोही. पण निखळण्याबरोबर दंडाचा माथा मोडलेला असेल, तर ओढल्याने तो तुकडा आणखी सरकतो. सांध्याच्या खालून वळसा घेऊन जाणारी नस ताणली किंवा दबली गेलेली असेल, तर खांद्याच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा येतो आणि हात बाजूला उचलता येत नाही. म्हणून आधी एक्स-रे, मग सांधा बसवणे, हा क्रम सोडू नये. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हात ज्या स्थितीत कमी दुखतो त्याच स्थितीत ओढणीने किंवा पंच्याने बांधावा आणि काही खायला-प्यायला देऊ नये, कारण सांधा बसवताना भूल द्यावी लागू शकते.

विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते. कबड्डी-कुस्ती खेळणाऱ्या मुलांच्या पालकांनी हे लक्षात ठेवावे आणि दुखणे थांबले म्हणून फिजिओथेरपी अर्धवट सोडू नये.

सातारा, आणि नीरेच्या अलीकडचा मुलूख

१८६३ मध्ये कार्टर यांची साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून बदली झाली. १८७२ पर्यंत ते तिथेच होते. बारामतीच्या दक्षिणेला नीरा ओलांडली की आजही सातारा जिल्हा लागतो. जमीन, पीक, बाभळी, मेंढरे, अनवाणी पाय हे सगळे दोन्ही काठांवर सारखेच. मुंबईतच त्यांच्या हाती एक विचित्र आजार लागला होता. काटा रुतल्यावर कित्येक महिन्यांनी पाय सुजतो, फारसा दुखत नाही, मग छिद्रे पडून त्यातून काळे किंवा पांढरट दाणे बाहेर येतात आणि शेवटी आतली हाडे पोखरली जातात. हा बुरशीचा आजार असल्याचे कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडले आणि त्याला मायसेटोमा हे नाव दिले. १८७४ मध्ये त्यांचे यावरचे पुस्तक निघाले. पुढे कळले की काही रुग्णांत बुरशीऐवजी जिवाणू असतात. पण नाव त्यांचेच टिकले.

हा आजार बहुतेक पायाला होतो, पण हातालाही होतो. लाकडाच्या मोळ्या वाहणाऱ्यांच्या खांद्यावर आणि पाठीवरही तो दिसतो. खांद्यावर किंवा पंजावर न दुखणारी गाठ वाढत असेल आणि त्यातून दाणे येत असतील, तर मलमपट्टीत महिने घालवू नयेत. हाडापर्यंत पोहोचण्याआधी औषधांचा उपयोग खूपच जास्त होतो.

दुष्काळ, कालवा आणि ऊस

१८७६-७७ मध्ये दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, इंदापूर आणि भीमथडी (आजची बारामती तेव्हा भीमथडी तालुक्यात होती), होरपळून निघाला. माणसे गावे सोडून मुंबईकडे निघाली आणि १८७७ मध्ये मुंबईत उलटून उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. कार्टर तेव्हा मुंबईत परतले होते. रुग्णांच्या रक्तात त्यांना मळसूत्रासारखे वळणारे जंतू दिसले. या कामात त्यांना स्वतःलाही तो ताप झाला. १८८२ मध्ये त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. भुकेल्या, गर्दीत राहणाऱ्या लोकांना हा ताप अधिक होतो हे त्यांनी जवळून पाहिले होते.

त्याच काळातल्या दुष्काळी कामांतून नीरा डावा कालवा उभा राहिला. त्याच्या पाण्याने बारामती-इंदापूरची पिके बदलली आणि पुढे ऊस आला. आज गळीत हंगामात बीड-नगरकडून येणारे तोडणी मजूर दिवसभर कोयता चालवतात, मोळ्या उचलून ट्रॉलीत टाकतात. त्यांच्या खांद्याचे दुखणे बहुतेक वेळा हाडाचे नसते. दंडाच्या माथ्याला बशीवर धरून ठेवणारे चार स्नायू असतात, त्यांची दोरखंडासारखी टोके माथ्याला वेढून बसतात. त्यातले सर्वांत वरचे टोक खांद्याच्या छपराखालून, अरुंद फटीतून जाते. हात पुन्हा पुन्हा डोक्यावर नेला की ते घासले जाते, झिजते, कधी फाटते. एक्स-रे अगदी स्वच्छ येतो आणि मजुराला वाटते की आपल्याला कोणी खरे मानत नाही. रात्री त्या कुशीवर झोपता न येणे, हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येणे, ही याची खूण. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये ते दिसते. कार्टर यांच्या चित्रांत या चारही स्नायूंची नावे त्यांच्या त्यांच्या जागी लिहिलेली आहेत.

याच्या अगदी उलट आखडलेला खांदा. तो काम न केल्याने, हात फार दिवस बांधून ठेवल्याने किंवा कारण नसतानाही होतो. मधुमेहींना जास्त होतो. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईंना वेणी घालता येत नाही, ब्लाऊजची गाठ बांधता येत नाही, आणि वयाचे समजून त्या गप्प बसतात. अशा खांद्याची तपासणी करताना रक्तातील साखर जरूर पाहावी. त्याला विश्रांती नको असते, सोसवेल एवढी हालचाल हवी असते.

कोपर आणि कुष्ठरोग

१८७३ मध्ये कार्टर नॉर्वेला गेले. कुष्ठरोगाचा अभ्यास तिथे सर्वांत पुढे होता, आणि हॅन्सेन यांना त्याचे जंतू त्याच वर्षी दिसले. कार्टर यांनी आपल्याकडील कुष्ठरुग्णांच्या नसा कशा जाड होतात, कशा बिघडतात हे आधीच तपासायला घेतले होते. शरीररचनेचा इतका पक्का पाया असलेला माणूस या आजाराकडे वळला हे रुग्णांच्या दृष्टीने मोलाचे झाले, कारण कुष्ठरोगात हाताचे जे होते ते हाडाच्या नकाशावरच समजते.

कोपर म्हणजे दंडाचे हाड आणि खालची दोन हाडे, रेडियस आणि अल्ना, यांची जोडणी. अल्ना बिजागरीसारखी वाकते. रेडियस तिच्याभोवती फिरते, म्हणून तळहात वर-खाली होतो, भाकरी थापता येते, किल्ली फिरते. कोपराच्या आतल्या बाजूच्या उंचवट्यामागे हाडात एक खाच असते आणि तिच्यातून एक नस त्वचेच्या अगदी लगत जाते. तिथे धक्का बसला की करंगळीपर्यंत मुंग्या येतात, हा अनुभव सगळ्यांना आहे. कुष्ठरोगात हीच नस खाचेजवळ दोरीसारखी जाड होते. करंगळी आणि शेजारचे बोट बधिर होते, पंजाचे स्नायू वाळतात, बोटे वाकडी होतात. मग चुलीचा चटका कळत नाही, जखमा होतात आणि बोटांची हाडे झिजतात. बोटे कुष्ठाने गळतात हा समज चुकीचा आहे. नस गेल्यामुळे जखमा होतात आणि त्या जखमा हाड खातात.

कार्टर यांच्या हयातीत यावर परिणामकारक औषध नव्हते. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात ते मोफत मिळते आणि आजार बरा होतो. त्वचेवर बधिर चट्टा किंवा करंगळीत न जाणारा बधिरपणा असेल तर लाज न बाळगता दाखवावे. मधुमेहानेही किंवा कोपर सतत वाकवून टेकवल्यानेही असा बधिरपणा येतो, त्यामुळे आधीच घाबरण्याचे कारण नाही.

कोपराबद्दल पालकांसाठी आणखी एक गोष्ट. झाडावरून किंवा पाळण्यावरून पडलेल्या पाच-सात वर्षांच्या मुलाचे दंडाचे हाड कोपराच्या जरा वर मोडते. त्याच्या अगदी पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. अशा हातावर बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या, तर रक्तपुरवठा थांबून काही तासांत स्नायू मरतात आणि पंजा कायमचा आखडतो. पट्टी कोणीही बांधलेली असो, अगदी आम्ही घातलेले प्लास्टरही असो, बोटे पांढरी-निळी किंवा गार पडली, बधिर झाली, किंवा बोटे सरळ करताना मूल किंचाळू लागले, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखाना गाठावा.

शेवटची वर्षे

कार्टर पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्राचार्य झाले. मलेरियाचे जंतू भारतातील रुग्णांच्या रक्तात पाहून त्याबद्दल लिहिणाऱ्या सुरुवातीच्या डॉक्टरांत त्यांचे नाव आहे. १८८८ मध्ये निवृत्त होऊन ते स्कारबरोला परतले, १८९० मध्ये लग्न केले, दोन मुले झाली. त्याच वर्षी राणीचे मानद सर्जन म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुस्तकाच्या एकामागून एक आवृत्त्या निघत होत्या, त्यातला पैसा त्यांच्याकडे कधी आला नाही.

१८९५ च्या डिसेंबरात जर्मनीत रॉन्टजेन यांनी पत्नीच्या पंजाचा एक्स-रे काढला. जिवंत माणसाच्या हाताची हाडे, बोटातल्या अंगठीसह, चिरफाड न करता दिसली. दीड वर्षाने, ४ मे १८९७ रोजी, कार्टर क्षयरोगाने स्कारबरोला वारले. त्यांच्या डायऱ्या आणि पत्रे आज लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आहेत.